शॉर्ट बेड पिकअप आणि फिफ्थ व्हीलचा हिच

माझ्या पिकअपचा बेड (मागचा सामानाचा हौदा) साडेसहा फुटांचा, म्हणजे शॉर्टच, त्यामुळे फिफ्थ व्हील ट्रेलर (ज्याचा पुढचा भाग बेडवर टेकतो) जोडायचा हिच, म्हणजे जोडणी, निवडताना मला सगळ्यात जास्त काळजी मागच्या काचेची होती. ट्रेलर साधारण ८ फूट रुंद, म्हणजे किंगपिनपासून (ट्रेलरची हिचमध्ये अडकणारी पिन) दोन्ही बाजूंना ४-४ फूट, आणि रिव्हर्समध्ये ९० अंशाच्या जवळ वळलं की ट्रेलरचा कोपरा थेट केबिनवर येतो. म्हणून मी स्लायडर, म्हणजे मागे-पुढे सरकणारा हिच घेतला. मॅन्युअल स्वस्त असतो, पण उतरून लिव्हर ओढा, मग गाडी हलवून हिच मागे सरकवा, आणि रस्त्याला लागायच्या आधी परत पुढे आणून लॉक करा, कारण मागेच राहिला तर वजन मागच्या ॲक्सलच्या मागे जातं आणि पुढची चाकं हलकी पडतात. हे एकदा जरी विसरलं तरी धोकाच, म्हणून मी वळताना आपोआप सरकणारा ऑटोमॅटिकच घेतला, जड आहे खरा. आणि हो, पिनवर ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भार येतो, तो पेलोडमध्ये, म्हणजे पिकअप जेवढं वजन वाहू शकते त्यात, धराच!