आमची वाटचाल : सुकलेले लाकूड आणि घाईची गिऱ्हाइके

आमच्या कारखान्यात तंबोरा किंवा सतार मागायला येणाऱ्या माणसाला सूर कोणता हवा हे आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो ते वाद्य कधी हवे आहे. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे असे उत्तर आले, तर त्याला भाड्याने वाद्य देऊ करतो, आणि तेही नको असेल तर चहा पाजून निरोप देतो. या वागण्यामुळे नाशिकमध्ये आमच्याविषयी 'मिजासखोर' हा शब्द वापरला जातो, याची मला पूर्ण कल्पना आहे. तो वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना २०१५ साली काय घडले हे माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना ते अर्धेच माहीत आहे, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमचे मूळ मिरजेचे. वडिलांची हयात तिथे सतारी आणि तंबोरे करण्यात गेली, आणि मीही त्यांच्याच हाताखाली वाद्याचा आवाज घुमवणारे भोपळे घासण्यापासून सुरुवात केली. १९९८ मध्ये नाशिकला येऊन भद्रकालीत भाड्याच्या खोलीत बैठक मांडली, ती अशा हिशेबाने की या गावात गाणे शिकणारी घरे पुष्कळ होती, परंतु जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची झणकार देणारी घासणी) बिघडली की वाद्य घेऊन त्यांना मुंबई नाहीतर मिरज गाठावी लागत असे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे उत्तरायुष्यातले वास्तव्य पंचवटीतले, आणि १९३१ साली त्यांचे देहावसान झाले ते मिरजेत. या दोन गावांचा धागा मी जोडलेला नाही, तो आधीपासूनच आहे, असे मी त्या काळी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असे.

येताना बरोबर आणलेल्या हत्यारांपैकी दोन अजून वापरात आहेत. एक वडिलांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, ज्याचे पाते धार लावून लावून निम्मे उरले आहे आणि ज्याच्याइतका हलका वाकस बाजारात मिळत नाही. दुसरी जवारीची कानस. तिचे दाते इतके झिजले आहेत की बोट फिरवले तर ती गुळगुळीत भासते, पण घोडीच्या हाडावर ती नेमके हवे तेवढेच घेते. ही कानस लाकडाला लावायची नाही असा वडिलांचा दंडक होता; आजही कारागिरांपैकी कोणी तिला हात लावण्याआधी मला विचारतो.

आमचे पहिले भागीदार व्यवसायाने कातारी, म्हणजे चरकावर लाकूड कातणारे. पाळण्याचे खूर, लाटणी, पोळपाट असे काम ते करीत, आणि मी त्यांच्याकडे तारा ताणायच्या खुंट्या कातून घ्यायला जात असे. खुंटीचा निमुळता उतार आणि दांडीतल्या (वाद्याच्या लांब मानेतल्या) भोकाचा उतार तंतोतंत जुळला पाहिजे; तो जुळला नाही तर खुंटी एका कडेवर टेकते आणि तार उतरत राहते, मग कितीही खडू लावा. त्यांच्या हातची खुंटी पहिल्याच फेऱ्यात बसे, आणि ती कातण्याचा वेग असा की बघणाऱ्याला लांकडाचे कातण उडताना दिसे, हात दिसत नसे. माझे कसब आणि त्यांचा वेग यांवर दुकानाने बाळसे धरले. पुढची बरीच वर्षे नीट चालली. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

२०१५ चा सिंहस्थ आला तो वेगळीच लाट घेऊन. अक्षय्य तृतीया उलटल्यावर एका मोठ्या मंडपाच्या आयोजकांचा माणूस दुकानात आला. त्यांना कीर्तन-सप्ताहासाठी वीस वीणा आणि आठ तंबोरे हवे होते, आणि तेही जुलैत ध्वजारोहण होण्याआधी. मी त्या वेळी भोपळ्यांच्या खरेदीसाठी पंढरपूरच्या बाजूला गेलेलो होतो. भागीदारांनी आगाऊ रक्कम घेतली, पावती फाडली, आणि मी परतलो तेव्हा आकडा भिंतीवरच्या फळीवर खडूने लिहिलेला होता. एवढ्या वाद्यांना पुरेल इतके मुरलेले लाकूड आपल्याकडे आहे, पण मुरलेले भोपळे नाहीत, आणि हवा पावसाळी होण्याआधी सांधे सुकणार नाहीत, हे मी त्याच संध्याकाळी सांगितले. त्या वर्षी आषाढ अधिक होता, त्यामुळे पंचांगात महिनाभर जास्तीचा मिळतो आहे असे मला समजावण्यात आले. भोपळ्याला पंचांग वाचता येत नाही, हे माझे उत्तर चेष्टेवारी नेले गेले.

या धंद्यात घाई नेमकी कुठे नडते, हे जाणकारांना सांगायला नको, पण त्या ऑर्डरीत ती सगळीकडे एकदमच नडली. भोपळा वेलीवरून उतरवल्यावर त्याला महिनोन्‌महिने सावलीत वाळू द्यावे लागते. मग तोंड कापून, भिजवून, आतून काड्यांचा ताण देऊन आकार दिला की तो पुन्हा वाळवावा लागतो. आमच्या भागीदारांनी दुसरे वाळवणे पंख्याखाली उरकले. बाहेरून कवच खडखडीत वाजत होते, पण आतल्या बाजूला ओल होती, आणि तिच्यावर तबली, म्हणजे लाकडाचे झाकण, बसवून तोंड बंद केले की ती ओल कुठे जाणार? गळा (दांडी आणि भोपळा जोडणारा भाग) आणि भोपळा यांची सांध सपाट घासून जुळवायला वेळ लागतो, म्हणून दोन कारागिरांना भुसा आणि फेविकॉल यांचा लगदा भरायला सांगितले गेले. सांधे आवळून धरणारे शिकंजे कमी आणि वाद्ये जास्त, तेव्हा रात्री लावलेला शिकंजा सकाळी दुसऱ्या वाद्यासाठी निघे. चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचा एक हात सुकण्याआधी दुसरा मारला गेला, आणि दमट हवेत त्यावर पांढरट साय धरली; ती झाकायला गडद रंग मिसळला.

सर्वांत मोठा अनर्थ जवारीत झाला. तारा चढवल्यावर तबलीवर जो भार येतो, त्याने ती काही दिवस हळूहळू बसत जाते आणि घोडीचा कोन बदलतो. म्हणून जवारीचा पहिला हात देऊन वाद्य ताणात ठेवायचे, आणि तबली थांबली की मगच शेवटची कानस फिरवायची, असा आमचा शिरस्ता. इथे तारा चढवल्या त्याच दिवशी जवारी काढून तंबोरे पेटीत भरले गेले. दुकानात झणकारणारा खर्ज (सर्वांत खालचा सूर) मंडपात पोहोचेपर्यंत बंद पडला, आणि मंडपातल्या कोणी हौशी माणसाने कानस मारून तो आणखी बिघडवला.

परत आलेल्या वीणांपैकी एक मी अजून जपून ठेवली आहे. गळ्याच्या सांधेत नख जाईल एवढी फट आहे, तिच्याशी नाक नेले की बुरशीचा कुबट वास येतो, आणि खुंट्या ओल्या लाकडाच्या असल्याने सुकताना लंबगोल झाल्या आहेत. वेग वाढवायचा म्हणून खुंट्यांसाठी ताजा ओंडका आणला गेला होता. ज्या हाताचा मला अभिमान होता त्याच हाताने त्या कातल्या होत्या. सप्ताहात विणेचा पहारा अखंड असतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, ती खाली ठेवता येत नाही. अशा वीणेची तार दर अभंगाला उतरू लागली तर वीणेकऱ्याने काय करावे?

आयोजकांनी उरलेले पैसे दिले नाहीत. वाद्यांवर चिठ्ठी आमच्या दुकानाची होती, त्यामुळे दोष माझ्या नावावर जमा झाला आणि पावती कोणी फाडली होती हे विचारायला कोणी आले नाही. सगळी वाद्ये मी परत मागवून, उघडून, स्वखर्चाने दुरुस्त करून दिली. त्यासाठी आणि थकलेल्या देण्यांसाठी शेवटी माळ्यावरचे तून या झाडाचे लाकूड विकावे लागले. या फळ्या इंचाला वर्ष या हिशेबाने, त्याहूनही जास्त काळ मुरत पडल्या होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहिलेले होते. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार झाले, हे सुतारकीतले सर्वांत स्वस्त यंत्र आहे. ते लाकूड पडत्या भावाने उचलले ते शहरातल्याच एका वाद्यविक्रेत्याने, ज्यांचे नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या दुकानातल्या ज्या मोजक्या वाद्यांची आजही लोक तारीफ करतात, त्यांच्या दांडीचा पोत मी दुरून ओळखतो. बाकीचा त्यांचा माल तयार येतो आणि 'आठ दिवसांत तंबोरा' या पाटीखाली विकला जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्या पाटीवर 'मिरज' हा शब्द वाढला आहे. मी मिरजेत घडलो, तरी माझ्या वाद्यावर 'नाशिक' असेच लिहितो, कारण ते इथे तयार होते.

त्या काळात दुकान उघडे राहिले ते पंचवटीतल्या गाण्याच्या बाईंमुळे. त्यांचा तंबोरा २००२ पासून आमच्याकडे जवारीला येत असे, आणि पावसाळ्यात जवारी काढू नका, दिवाळीनंतर काढा, हे सांगणाऱ्या त्या माझ्या एकमेव गिऱ्हाईक. सिंहस्थानंतर बाजारात आमचे नाव खराब झाले असताना त्या कारखान्यात आल्या, बिनापॉलिशचा एक तंबोरा मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता षड्ज छेडत राहिल्या, आणि म्हणाल्या, "दादा, हा माझ्या क्लासचा. तुम्हाला वाटेल तेव्हा द्या, पण पैसे आज घ्या." तो त्यांना मी पुढच्या उन्हाळ्यात दिला. त्यांच्या शिष्यांच्या घरी गेलेली आमची वाद्ये गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत आहेत, आणि त्यांतल्या एकाही वाद्याची दांडी वाकल्याची तक्रार आलेली नाही.

भागीदारी त्याच वर्षी संपली. ते पुन्हा आपल्या कातकामाकडे वळले. खुंट्या मी अजूनही त्यांच्याकडूनच घेतो, कारण तसा हात दुसरा नाही. लाकूड मात्र मी देतो आणि बोलणे हिशेबापुरते होते.

वाद्य विकत घेणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात, विचारल्या नसल्या तरी. नवा तंबोरा आवाज ऐकून लगेच पसंत करू नये; तारा लावलेल्या अवस्थेत तो दुकानात किती दिवस आहे हे विचारावे, आणि विक्रेता चाचरला तर उठावे. गळ्याच्या सांधेवर नक्षी किंवा रंग जास्त दाट असेल तर तिथे नख फिरवून पाहावे. कूलरसमोर किंवा गच्चीच्या उन्हात वाद्य ठेवू नये. नाशिकचा उन्हाळा कोरडा आणि आषाढ दमट, या फरकानेच निम्मे सांधे सुटतात. गाडीने पाठवायचे असेल तर तारा सैल कराव्यात आणि घोडी काढून वेगळी बांधावी. आणि जवारी घरी काढू नये. कानशीने गेलेले हाड परत येत नाही. मग अख्खी घोडी तासून नव्याने बसवावी लागते आणि त्याचे पैसे मी पूर्ण घेतो.

पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, आणि २०२७ च्या पर्वण्यांसाठी मंडपवाल्यांचे फोन येऊ लागले आहेत. माळ्यावर पुन्हा लाकूड भरले आहे. ज्या फळ्या तयार आहेत त्यांच्यातून निघतील तेवढ्याच वीणांची नोंद आम्ही घेऊ, पावती मी स्वतः फाडीन, आणि पर्वणीच्या वर्षी पावसाळा सुरू झाल्यावर कोणतेही वाद्य कारखान्यातून बाहेर जाणार नाही. ज्यांना तेव्हाच हवे असेल त्यांनी त्या पाटीच्या दुकानात जावे.