भिडे गेला का?

जुलैतली संध्याकाळ होती. पुण्यात मुठा नदीवरच्या लकडी पुलाच्या कठड्याला टेकून पंधरा-वीस माणसं खाली बघत उभी होती, म्हणून मीही गाडी कडेला घेतली. शेजारच्या काकांनी न विचारताच सांगितलं, "पंचवीस हजार सोडलंय." तेवढ्यात रेनकोटमधला एक जण घाईघाईनं आला.

"भिडे गेला का?"

"मघाशीच. चारच्या सुमाराला."

माझ्याबरोबर नागपूरहून आलेला मावसभाऊ होता. त्याचा चेहराच पडला. हळूच म्हणाला, "ओळखीचे होते का रे?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. पंचवीस हजार म्हणजे क्युसेक, सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, रुपये नव्हेत. पाणी सोडलंय खडकवासला धरणातून. आणि भिडे म्हणजे थोडं पुढे असलेला बाबा भिडे पूल. तो पात्रात इतका खाली बसलाय की धरणाचे दरवाजे उघडले की पहिला बुडतो. पाऊस किती झाला ते वेधशाळेनं मिलिमीटरमध्ये मोजावं. आम्ही तो भिडे पुलावर मोजतो. एरवी वर्षभर मुठेकडे कोणी ढुंकून बघत नाही. उन्हाळ्यात तर पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात.

"आणि हा लकडी पूल? लाकूड कुठंय?" भावानं कठड्यावर थाप मारत विचारलं.

लाकूड कधीच गेलं. नदीकाठच्या खुणांची हीच गंमत आहे, नावावर विसंबलात की फसलात. लकडी पुलाला लाकूड नाही. पाटीवर त्याचं नाव संभाजी पूल, पण रिक्षावाल्याला ते सांगून बघा. पुढचा नवा पूल 1923चा, म्हणजे शंभरी ओलांडून गेलेला. कागदोपत्री शिवाजी पूल. त्याच्या दगडी कमानी अजून ठणठणीत आहेत, तरी तो नवाच. नावाला जागणारा एकच, झेड ब्रिज. तोही मुख्यतः दुचाकी लावून गप्पा मारत बसायला बांधला असावा अशी माझी फार दिवसांची शंका आहे. संगमावर मुळा येऊन मिळते. त्यापुढचं बंड गार्डन ऐकून लहानपणी मला वाटायचं, तिथं 1857 सालच्या बंडातलं काहीतरी घडलं असणार. निघाला साधा बंधारा, जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतला.

पण लकडी पुलाची गोष्ट मी त्याला नीट सांगितली. 14 जानेवारी 1761ला पानिपत झालं. हरून आलेल्या माणसांना भर शहरातून तोंड दाखवत यायला नको, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इथं घाईनं लाकडी पूल टाकला असं सांगतात. खरंखोटं मुठेला माहीत. नानासाहेब स्वतः त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर गेले. त्यांची समाधी इथून हाकेच्या अंतरावर नदीकाठी आहे, पूना हॉस्पिटलच्या जवळ. रोज शेकडो लोक तिच्यावरून जातात आणि पार्किंग शोधतात.

त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, 12 जुलै 1961ला, पानशेतचं धरण फुटलं. ते आंबी नदीवरचं, बांधकाम अजून पुरतं संपलेलं नव्हतं. तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही, तेही फुटलं आणि सगळं पाणी पेठांत शिरलं. पानिपत आणि पानशेत, दोन्ही एकसष्ट सालातली, दोन्हींच्या सुरुवातीला 'पान'. असल्या योगायोगांवर माझा विश्वास नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आमच्या आजीचं कॅलेंडर तेव्हापासून दोन भागांत होतं, पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, सगळं त्या हिशेबानं. पुरातून वाचलेला तिचा एक पितळी डबा होता. त्याच्या झाकणाच्या घडीत करडी रेघ बसली होती. चिंचेनं घासून, राखेनं घासून ती काही निघाली नाही. पण पुराचं सांगताना ती पाण्याच्या उंचीबद्दल कमी बोलायची. "एवढं पाणी आलं," म्हणायची, "आणि दुसऱ्या दिवशी प्यायला घोटभर नाही." खडकवासलाच रिकामं झालं होतं, नळाला येणार काय? मग गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, पेठांतली बिऱ्हाडं तिकडं गेली आणि नदीकडे पाठ करून राहू लागली.

अंधार पडला तशी कठड्यावरची गर्दी पांगली. काका मात्र जागचे हलले नाहीत. आणखी सोडणार आहेत, असं त्यांना कुठून तरी कळलं होतं.

पण रात्री पाऊस थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचाच हट्ट, भिडे पूल बघायचाय. पाणी उतरलं होतं. कठड्याच्या गजांना जलपर्णीचे झुपके, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि लहान मुलाची एक निळी चप्पल अडकली होती. पालिकेचे दोन कामगार फावड्यानं चिखल ओढत होते. भावानं तीन-चार फोटो काढले आणि नागपूरला मावशीला फोन लावला.

"हो गं, पाऊस उघडला," तो म्हणाला. "आणि भिडे बरे आहेत."