भंतेजी, तुम्ही तिकडं नेमकं काय करता?

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात भिक्खूनं एकाच जागी राहायचा काळ, संपला की जमेल तेव्हा मी महिनाभर गावी येतो. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. विहाराच्या ओट्यावर माणसं जमतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "भंतेजी, तुमच्या व्हिसावर मिनिस्टर लिहिलंय म्हणे. इंग्लंडात नेमकं करता काय? अन् त्याला शिकावं काय लागतं?" तेवढ्यात कुणीतरी चहा आणतं, बोलणं दुसरीकडं वळतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

माझं शिक्षण सातबाऱ्यापासून सुरू झालं. श्रामणेराचा, म्हणजे शिकाऊ भिक्खूचा, पूर्ण भिक्खू होतो त्या विधीला उपसंपदा म्हणतात. तिथं संघासमोर पालीत प्रश्न विचारले जातात. स्वतंत्र आहेस का, राजाच्या चाकरीत नाहीस ना, आईवडिलांची परवानगी आहे का, वीस वर्षं पूर्ण झाली का. त्यातच एक प्रश्न आहे, "अनणोसि?" म्हणजे ऋणमुक्त आहेस का?

दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात मी चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घातलं आणि ते उतरवताना रडलो. तेव्हाच्या औरंगाबादला एका भंतेंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सातबारा घेऊन ये." वडिलांनी दोन एकर माझ्या नावावर केली होती आणि तिच्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता. ती दुष्काळाची वर्षं. 2016 च्या उन्हाळ्यात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कर्ज मी काही चैनीसाठी काढलं नव्हतं, मग ते धम्माच्या दारात का आडवं यावं, असं वाटून मी चिडलो होतो. भंते म्हणाले, "बुद्धाच्या काळीही एक कर्जबाजारी पळून येऊन भिक्खू झाला होता, सावकारांनी त्याला ओळखलं. तेव्हा हा नियम झाला. तू चीवर घेशील, पण वसुलीवाला तुझ्या वडिलांच्या दारात बसेल त्याचं काय?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढचे दोन हंगाम मी दिवसा सोयाबीन आणि रात्री पालीचं व्याकरण केलं. बोजा उतरल्याचा फेरफार झाला त्याच संध्याकाळी आईनं परवानगी दिली. आजही मला ती दोन वर्षं माझ्या शिक्षणातली सगळ्यात मोलाची वाटतात.

2018 ला श्रीलंकेत उपसंपदा झाली. नव्या भिक्खूनं किमान पाच वर्षं आचार्यांच्या आश्रयानं राहायचं असतं. पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीचे 227 नियम, सुत्तं म्हणजे बुद्धाचे उपदेश पाठ करणं, दुपारी बारानंतर जेवण नाही. मी गोदावरीकाठचा आहे हे कळल्यावर आचार्यांनी सुत्तनिपात हा जुना पाली ग्रंथ उघडला. बावरी नावाचा ब्राह्मण गोदावरीच्या तीरावर राहत होता, त्याचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला उत्तरेकडं निघाले. त्यांच्या वाटेवरचं पहिलं गाव पतिट्ठान, म्हणजे आपलं पैठण. परक्या देशात, परक्या उच्चारात पैठणचं नाव ऐकून मला किती आधार वाटला, ते सांगता येत नाही. मयताच्या घरी आचार्य मला सोबत नेत आणि म्हणत, "तू फक्त बस." मी बसायचो. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

इंग्रजीची परीक्षा देऊन 2023 ला इंग्लंडला आलो. "मिनिस्टर ऑफ रिलिजन" हे फक्त त्या व्हिसाचं नाव. पगार नाही, चीवर, भोजन, निवारा, औषध एवढं उपासक देतात. वंदना, मुलांचे वर्ग, घरोघरी परित्राणपाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हणायची सुत्तं. आठवड्यातून एकदा तुरुंगात जातो. तिथल्या तुरुंगांत बौद्ध धम्मसेवा करणाऱ्या संस्थेचं नाव "अंगुलिमाल" आहे, 1985 पासून ती हे काम करते. आणि हो, "आमच्या पोराला तिकडची एखादी मुलगी बघा" असं तुमच्यातले बरेच जण म्हणता. सोयरीक जुळवणं हा भिक्खूसाठी संघादिसेस, म्हणजे फार गंभीर दोष आहे. राग मानू नका.

एका रात्री नांदेडकडच्या एका नर्सताईचा फोन आला. वडील गेले होते. विमान मिळेपर्यंत मातीही होऊन जाणार होती, तिनं ती फोनवरच पाहिली. दुसऱ्या दिवशी ती विहारात आली. "अनिच्चा वत संखारा", म्हणजे घडलेलं सगळं अनित्य आहे, ही गाथा म्हटली, मग पुण्यानुमोदनासाठी, म्हणजे गेलेल्याला पुण्य अर्पण करण्यासाठी, तिच्या हातात तांब्या दिला. "यथा वारिवहा पूरा" ही गाथा चालू असताना वाटीत पाणी ओतत राहायचं असतं. वाटी भरून ताटात सांडली, तांब्या रिकामा झाला, तरी तिनं तो तसाच तिरपा धरून ठेवला होता. मी गाथा परत म्हटली. पुन्हा एकदा म्हटली. मग गप्प बसलो. ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "भंतेजी, दादा बांधावरून मला हाक मारायचे." मी तिकडं हे करतो.

मागच्या खेपेला सगळे उठून गेले तरी बारावीचा एक मुलगा ओट्यावर थांबला. "मलाही यायचंय." आईला विचारलंस का म्हणालो, तर गप्प. जमीन कुणाच्या नावावर? "निम्मी माझ्या." बोजा? "आहे." आपल्या विहाराला आठवडाभर कुलूप असतं, त्याची किल्ली मी त्याला दिली आणि रोज संध्याकाळी दिवा लाव म्हटलं. दर रविवारी फोनवर त्याची पाली घेतो. सध्या आमचं मंगलसुत्त चाललंय.