ज्यांना पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठीही ग्रंथालय

सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे पुस्तकं घरी न्यायची सोय, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण ज्याला छापील पुस्तक वाचताच येत नाही, त्याच्यासाठी तिथे मोफत काय काय असू शकतं, हे मला बाबांमुळे समजलं.

बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याची मधल्या भागात झीज झाली आहे. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात वावरायला त्रास नाही. पण ओळीवर नजर रोखली की नेमकी तिथलीच अक्षरं पुसट होतात. मोठ्या टायपाची पुस्तकं काही महिने पुरली, मग भिंग आलं, मग तेही पुरेना. आम्ही आळीपाळीने वाचून दाखवायचो, पण दुसऱ्याच्या सवडीने वाचणं त्यांना कधी रुचलंच नाही. "मला मध्येच थांबून मागचा परिच्छेद परत बघायचा असतो," म्हणायचे.

ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी मी पुस्तकाचं नाव न सांगता ही अडचण सांगितली. ग्रंथपाल बाईंनी आधी प्रश्न विचारले. थोडं तरी दिसतं का? बटणं चाचपून ओळखता येतील? रोज किती वेळ वाचायची सवय होती? मग त्यांनी डेझी नावाच्या, ऐकायच्या पुस्तकांबद्दल सांगितलं आणि ती वाजवायचं यंत्रही काही दिवसांसाठी दिलं.

साधं ध्वनिमुद्रण म्हणजे सलग आवाज. डेझीत त्या आवाजासोबत पुस्तकाची रचनाही नोंदवलेली असते. वरच्या-खालच्या बटणाने प्रकरण, उपप्रकरण किंवा पान यांपैकी काय हवं ते निवडायचं आणि डाव्या-उजव्या बटणाने तेवढंच मागेपुढे जायचं. खूण ठेवता येते. वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही. बाबा आता इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसून मला अर्धंही कळत नाही. आणि मागचा परिच्छेद? तो ते स्वतः काढतात, कुणाला हाक न मारता.

पुस्तकाची अशी ऐकायची प्रत काढायची म्हणजे एरवी प्रत्येक वेळी स्वामित्वहक्क असलेल्याची परवानगी हवी. २०१३ साली मराकेशमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ही अडचण दूर केली. सदस्य देशांतल्या अधिकृत संस्था, त्यात ग्रंथालयंही आली, परवानगीशिवाय सुलभ प्रती, म्हणजे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांना वापरता येतील अशा प्रती, तयार करू शकतात आणि एकमेकांच्या देशात पाठवूही शकतात. तो मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. करार लागू झाला २०१६ मध्ये. यात फक्त दृष्टिहीन येत नाहीत. डिस्लेक्सिया, म्हणजे दिसत असूनही वाचायला अडचण, असलेलं मूल आणि हात थरथरत असल्याने पुस्तक धरू न शकणारा माणूसही येतो. या दोघांच्या घरच्यांना हे क्वचितच माहीत असतं, आणि त्याची मला फार हळहळ वाटते.

कुणी याला उपकार समजू नये. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात सेवा तत्त्वतः मोफत असावी असं म्हटलंय, आणि जे नेहमीच्या सेवा वापरू शकत नाहीत त्यांच्यासाठी खास सोय करावी हेही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेला नियम तर अगदी थेट आहे: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे.

मुलांची गोष्टींची तासिका, संगणक, नोकरीच्या अर्जांसाठी मदत, दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून देणं, या सोयीही अनेक ठिकाणी असतात आणि निदान त्यांची सूचना फलकावर तरी लागते. सुलभ पुस्तकांचं मात्र विचारावंच लागतं. घरात कुणाला वाचायला त्रास होत असेल तर चार गोष्टी विचारून या: नोंदणीसाठी कुणाचा दाखला चालतो, यंत्र उसनं मिळतं का, तीच पुस्तकं फोनवर ऐकता येतात का, आणि माणूस घराबाहेर पडू शकत नसेल तर घरपोच सेवा आहे का. तुमच्या ग्रंथालयात यातलं काहीच नसेल, तर जवळपास कुठे आहे हे शोधून द्यायला सांगा. तेही त्यांच्याच कामात येतं.