मधाची बिअर: एकच वर्ट, तीन यीस्ट

मध घातला की बिअर गोड होणार, असं पहिल्यांदा करणारा जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो. होतं उलटंच. मधात साधारण ८० टक्के साखर असते, तीही बहुतेक फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. यीस्ट ती चाटूनपुसून संपवतं. मागे उरतं अल्कोहोल आणि, नीट जपला तर, फुलांचा वास. बिअरला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, येतं ते माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवामुळे. म्हणून यीस्ट निवडताना ते मधाचं काय करेल यापेक्षा माल्टचं काय करेल हे आधी बघायचं. एकाच वर्टचे, म्हणजे माल्टपासून काढलेल्या गोड पाण्याचे, तीन भाग करून तीन यीस्टवर आंबवले, तेव्हा हे मला पुरतं पटलं.

आधी कायद्याचं. हा सगळा उद्योग अमेरिकेतला आहे. इथल्या फेडरल कायद्यानुसार घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करता येते, विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिथे हे करू नका.

१९ लिटर वर्टसाठी पेल माल्ट ३ किलो, म्युनिक ४०० ग्रॅम आणि हनी माल्ट २५० ग्रॅम घेतलं. हनी माल्टमध्ये मध नसतो, पण मधासारखी गोडसर चव त्यातूनच येते आणि ती आंबून जात नाही. भरडलेलं माल्ट ११ लिटर पाण्यात ६८ अंशांवर तासभर ठेवलं. एरवी मी ६५-६६ वर ठेवतो. मध बिअर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, करणार हे ठाऊक असल्यामुळे दोन अंश वर गेलो, म्हणजे न आंबणाऱ्या साखरा, म्हणजे डेक्स्ट्रिन, थोड्या जास्त उरतात. ७६ अंशांच्या पाण्याने माल्ट धुऊन एकूण २४ लिटर वर्ट काढलं आणि तासभर उकळलं. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं, ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीची, सुरुवातीला २८ ग्रॅम आणि शेवटच्या दहा मिनिटांत १५ ग्रॅम. यापेक्षा जास्त हॉप्स घातले तर मधाचा वास त्यांच्याखाली दबतो. थंड झाल्यावर घनता, म्हणजे पाण्याच्या मानाने वर्ट किती जड आहे ते (साखर जितकी जास्त तितकी ती जास्त), १.०४१ आली.

मध उकळत्या वर्टमध्ये घालायचा नाही. वाफेबरोबर वास उडून जातो आणि उरते ती महागडी साखर. मी तिसऱ्या दिवशी, आंबणं जोरात असताना घालतो. पण कच्च्या मधात डायास्टेज हे एन्झाइम असतं. वर्ट उकळलं की ते मरतं, पण थंड फर्मेंटरमध्ये मध घातला तर जिवंत राहून डेक्स्ट्रिन हळूहळू फोडत राहू शकतं. म्हणून बाटल्या भरायची घाई नको.

तीन बादल्यांत सहा-सहा लिटर वर्ट भरलं, प्रत्येकीत ४ ग्रॅम कोरडं यीस्ट आणि तापमान १८ अंश. पहिलीत यूएस-०५ आणि दुसरीत एस-०४ ही बिअरची यीस्ट, तिसरीत ७१बी. ७१बी हे वाइनचं यीस्ट. मधाची दारू, म्हणजे मीड, करणारे ते आवडीने वापरतात, त्यामुळे मधाच्या बिअरलाही तेच चालेल असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक बादलीत ३०० ग्रॅम ऑरेंज ब्लॉसम मध घातला. मधाची बरणी ४० अंशांच्या पाण्यात ठेवून तो पातळ केला, त्यात उकळून कोमट केलेलं १५० मिलिलिटर पाणी मिसळलं आणि बारीक धारेने सोडला. इथेच सगळ्यात जास्त सांडलवंड होते. वर्टमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ढवळल्यावर एकदम सुटतो आणि फेस झाकणावरून उतू जातो. वर चतुर्थांश जागा मोकळी हवीच. घट्ट मध तसाच ओतला तर तो तळाशी काकवीच्या थरासारखा बसतो. मग वरून घेतलेल्या नमुन्याची घनता खोटी येते. मध धरून सुरुवातीची घनता हिशोबाने १.०५३ होते.

दोन आठवड्यांनी यूएस-०५ ची बादली १.००७ वर, एस-०४ ची १.०१० वर आणि ७१बी ची १.०१४ वर थांबली. तिसरा आकडा बघून वाइनच्या यीस्टने अंग छान राखलं असं वाटेल, पण चव वेगळंच सांगते. बहुतेक वाइन यीस्टना माल्टमधली माल्टोट्रायोज ही साखर नीट खाता येत नाही. ती तशीच राहते आणि बिअर अर्धवट आंबलेल्या वर्टसारखी, जिभेला चिकट लागते. वर केळ्यासारखा फळाचा वास, त्यात मध हरवतो. धोका वेगळाच. अशा बिअरमध्ये नळीतून थोडं बिअरचं यीस्ट गेलं, तर ते उरलेली साखर बाटलीत खातं आणि बाटली फुटते.

ईसी-१११८ या वाइनच्या यीस्टबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ते इतर यीस्टना मारणारं विष सोडतं आणि बिअरची बहुतेक यीस्ट त्याला बळी पडतात. दोन्ही एकत्र घालून काम वेगाने होईल ही समजूत चुकीची आहे. बेल सेझनसारखं बिअरचं यीस्ट वाइनच्या यीस्टच्या बरोबर उलट वागतं. ते डेक्स्ट्रिनही खातं, त्यावर मध पडला की घनता १.००० च्या आसपास जाते आणि हातात येते पाणचट, झणझणीत कोरडी बिअर. शिवाय त्याच्या नळ्या दुसऱ्या बिअरला वापरायच्या नाहीत.

मधात नायट्रोजन जवळजवळ नसतो. साखरेचा पाव हिस्सा मधाचा असेल तर माल्टमधला पुरतो. मधाचा हिस्सा निम्म्यावर नेला, म्हणजे ब्रॅगट केली, तर यीस्ट उपाशी राहतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तेव्हा १९ लिटरला ४ ग्रॅम फर्मेड-ओ हे यीस्टचं खाद्य, अर्धं यीस्टबरोबर आणि अर्धं मधाबरोबर. वास आल्यावर घालून फारसा उपयोग होत नाही.

तीन दिवस सलग घनता तीच आली की बाटल्या. त्यासाठी १९ लिटरला १५० ग्रॅम मध उकळत्या पाण्यात विरघळवून घालतो, म्हणजे ६ लिटरला ४७ ग्रॅम. इथे वजनकाटाच हवा, चमचा नको. दोन आठवड्यांत फेस येतो, पण मधाचा वास मोकळा व्हायला दीड महिना लागतो. तिन्हींत तो सगळ्यात स्वच्छ यूएस-०५ मध्ये आला, पण घोट रिकामा लागला. एस-०४ मध्ये वास थोडा कमी, पण खाली माल्टचा आधार होता आणि साका तळाशी घट्ट बसल्यामुळे ओतताना ग्लास नितळ राहिला. आता मी एस-०४ च वापरतो, १८ अंशांवर. २० च्या वर गेलं की त्याचा फळांचा वास मधावर चढतो.