टेकडीची वही: कोणत्या अपग्रेडचे पैसे वसूल झाले

टेकड्यांवर चालवायच्या माझ्या सायकलला नवीन काही लावायची खाज सुटली की मी आधी वही काढतो. गेल्या जूनपासून नियमच घालून घेतलाय. राइड कशानं बिघडली ते घरी आल्यावर एका ओळीत लिहायचं, आणि तेच कारण तीनदा आल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. ४१ राइडचा हिशेब असा निघाला: पंक्चर ९, ब्रेक दाबून हात भरून आले ६, चेन पडली ५, फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांची) तक्रार २ आणि 'दम संपला' १३. शेवटच्या ओळीवरचं औषध सायकलच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे ती सोडून बाकीचं सांगतो.

सायकल साधीच. ॲल्युमिनियमची हार्डटेल (मागे शॉक नसलेली), २९ इंची चाकं, पुढे १०० मिमीचा स्प्रिंगवाला फोर्क, ३×८ गियर (पुढे ३, मागे ८ चक्रं), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. माझं वजन ८२ किलो. फिरणं म्हणजे पुण्यातली वेताळ टेकडी, तळजई, आणि महिन्यातून एखादवेळा बोपदेव घाट चढून कानिफनाथकडे.

पहिला नंबर अर्थातच काट्यांचा. बाभूळ आणि हिवर, दोघांशी माझी जुनी ओळख. ट्यूब असताना मागच्या चाकात ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवायचो, कारण त्याखाली गेलं की दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडायची. पण ३८ वर मुरमाच्या उतारावर सायकल गोट्यांवर ठेवल्यासारखी पळते. रिमवर 'ट्यूबलेस रेडी', म्हणजे ट्यूबशिवाय टायर चालेल असं लिहिलेलं होतं, म्हणून धाडस केलं. दोन टायर (२.२५ इंची), टेप, व्हॉल्व आणि सीलंट (भोक बुजवणारं द्रव) धरून साडेसात हजारांच्या आसपास गेले.

टायर बसवणं हा वेगळाच तमाशा. हातपंपानं साठेक दणके मारले, हवा सगळीकडून फुसफुसत बाहेर. शेवटी चाक घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यानं टायरमध्ये बोट घालून चाचपलं आणि विचारलं, "ट्यूब कुठाय?" नाही म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की मी बिनचाकाची सायकल घेऊन आलोय. पण कंप्रेसर लावला आणि टण्ण, टण्ण असे दोन आवाज आले. टायर रिममध्ये घट्ट बसला. "भारी आहे की," म्हणाला, आणि पैसे घेतले नाहीत.

आता पुढे २३, मागे २६ पीएसआय. फेब्रुवारीत तळजईवर मागच्या टायरातून नखाएवढा काटा उपसला. फुस्स झालं, मी भोक खाली येईल असं चाक फिरवलं. रुईचं पान तोडल्यावर चीक यावा तसे पांढरे थेंब आले आणि पाच-दहा सेकंदांत सगळं शांत. तेव्हापासून १७ राइड, पंक्चर शून्य. ह्यापुढे कोणी विचारलं की आधी काय बदलू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. फक्त आधी रिम तपासा. साध्या रिमवर हा खेळ नको, वळणावर टायर निसटला तर दात जातात.

ब्रेकही तसेच वसूल झाले. केबलच्या माझ्या कॅलिपरमध्ये (ब्रेकच्या चिमट्यात) एकच पॅड हलायचा आणि तो रोटरला (चाकावरच्या चकतीला) वाकवून दुसऱ्या पॅडवर नेऊन टेकवायचा. पॅड झिजला की स्क्रू पिळत बसा. कानिफनाथवरून उतरताना चार बोटांनी लिव्हर आवळून मनगटं बधिर व्हायची. शिमानोचे एमटी२०० हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक लावले. आता एक बोट पुरतं आणि पॅड झिजेल तसा ब्रेक स्वतःच जुळवून घेतो. (१९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ज्या उतारावर माउंटन बाइकिंगच्या ह्या खेळाच्या शर्यती सुरू झाल्या, तिथे मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. तेव्हा आमची मनगटं म्हणजे काहीच नाही.)

एक मूर्खपणा कबूल करतो. चेनला स्प्रे मारताना मागच्या रोटरवर तुषार गेले. ब्रेक लागेना, वर घाटभर ऐकू जाईल असं किंचाळणं. पॅड सँडपेपरवर घासले, मग कुठेतरी वाचलेलं आठवून तव्यावर ठेवून तापवले. घरभर जळक्या रबराचा वास. आई स्वयंपाकघरात आली, तव्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता पोळ्या सायकलवर भाज." पॅड सुधारले नाहीत. नवे पॅड आणि नवा तवा, दोन्ही माझ्याच पैशांनी. आता चेनला तेल बाटलीतूनच, थेंबाथेंबानं.

गियरबद्दल मन अजून दोलायमान आहे. ३×८ काढून पुढे एकच ३२ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचं चक्र), मागे ९ स्पीडची, ११ ते ४६ दात्यांची कॅसेट (चक्रांचा संच) लावली. चेन पडणं थांबलं, हे खरं. पण चढावर फायदा? पुढच्या दात्यांना मागच्यांनी भागायचं; आकडा लहान तितका चढ हलका. पूर्वी २२ ला ३२, म्हणजे ०.६९. आता ३२ ला ४६, म्हणजे ०.७०. अकरा हजार खर्चून चढ तिथल्या तिथेच! उलट वरचा, वेगाचा गियर ३.८२ वरून २.९१ वर आला. खडकवासल्याहून परतताना वेग धरला की पाय मिक्सरसारखे फिरायला लागतात आणि रोडबाइकवाले हात हलवून पुढे जातात. माझी जुनी चेन पट्टीनं मोजल्यावर १२ इंचांत १/१६ हून जास्त वाढलेली होती, कॅसेटही झिजलेली, म्हणजे खर्च कसाही होताच. तुमची धड असेल तर झिजू द्या.

ड्रॉपर सीटपोस्टचा (चालवतानाच सीट खाली-वर करता येणाऱ्या दांडीचा) विषय एका ओळीत संपला. माझी सीट ट्यूब २७.२ मिमीची, त्यात बसणारे मोजके आणि महाग. उतारावर थांबून क्विक रिलीज (सीटची कळ) सोडतो, सीट खाली करतो, तेवढीच श्वासाला उसंत.

वहीत नसलेली एक वस्तू मात्र सगळ्यात स्वस्तात कामी आली: दीडशे रुपयांची पितळी घंटी. सकाळी वेताळवर फिरायला येणारे आजोबा आधी "रस्ता बापाचा आहे का?" विचारायचे. आता लांबून दोनदा वाजवतो, वेग कमी करतो, तर "या, या" म्हणतात.

राहिला फोर्क. सगळे म्हणतात एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवरचा, घे. मागच्या रविवारी मित्राशी सायकल बदलून तोच उतार दोनदा उतरलो. माझ्या सायकलवर ७ मिनिटं ४० सेकंद, त्याच्यावर ७:२२. फरक वेळेपेक्षा हातांना जास्त जाणवला. स्प्रिंग कारखान्यात ठरते, हवा मात्र माझ्या ८२ किलोंप्रमाणे भरता येते. एका रबरी रिंगवरून सॅग (बसल्यावर फोर्क किती दबतो ते) बघितला आणि पाच मिनिटांत जुळलं. घ्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू. पण माझ्या फ्रेमचा हेडट्यूब (फोर्क बसतो ती नळी) जुन्या सरळ मापाचा, चांगले फोर्क बहुतेक टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणारे. त्यात वहीत फोर्कच्या ओळी दोनच. तिसरी आली की फोर्क नाही, फ्रेमच बघेन.

तूर्त चाक कानाशी धरून हलवून बघितलं. आत खळखळ नाही. आपल्याकडच्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं आणि शेवटचं भरलं ते होळीच्या आधी. शनिवारी ते काम.