फरक पडला का?

बारशात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न: "गहू सोडलास ना, मग फरक पडला का?" हो म्हटलं की, "मग मीही सोडून बघते." नाही म्हटलं की, "मग कशाला एवढी पथ्यं?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. मला सिलियाक आहे: गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं.

पहिल्या आठवड्यात जुलाब थांबले. दुसऱ्या आठवड्यापासून चार-चार दिवस होईना. पोळीच्या जागी मी भात, साबुदाणा, बटाटा असं पांढरंच पांढरं खात होते, चोथा गेला कुठे? वर दूध प्यायले की पोट नगारा. सिलियाकमध्ये लहान आतड्याचं आतलं मखमली अस्तर झिजतं, आणि दुधातली साखर पचवणारं विकर त्या मखमलीतच असतं. डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे दूध बंद ठेवा, अस्तर भरून यायला महिने लागतील, मोठ्या माणसांना कधी वर्षंही. ऐकलं होतं, मानलं नव्हतं. मला फरक पुढच्या सोमवारपर्यंत हवा होता.

मग आईने सूत्रं हातात घेतली. "सोलापूरची माणसं आपण. गव्हाचं एवढं काय कौतुक? भाकरी खा." मालदांडी ज्वारी आली, पोट मोकळं झालं. पण फुगणं आणि थकवा जाईना. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर टीटीजीचा, म्हणजे सिलियाकमध्ये वाढणाऱ्या अँटिबॉडीचा, आकडा जेमतेम हललेला. आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दळण कुठून आणता?"

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आईबरोबर गिरणीत गेले. आमच्या आधी कुणाचातरी गव्हाचा डबा दळून झाला. पट्टा फिरतच होता, त्यावरच आमची ज्वारी ओतली. पीठ पडायला लागलं, आधीचं उरलेलं आमच्यासकट. पॅकबंद पदार्थावर 'ग्लूटेनमुक्त' छापायचं तर किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. किलोभर ज्वारीत चिमूटभर कणीक पडली तरी हिशेब बिघडतो. इथे तर ओंजळी पडत होत्या.

आई म्हणाली, "मी दरवेळी सांगते ज्वारीवर टाका म्हणून. पण हल्ली ज्वारी आणतंय कोण?"

घरी येऊन मी म्हटलं, "तीन महिने तू मला विष घातलंस."

ती पिठाचा डबा पुसत होती. पुसतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने नवं भांडं आणून मिक्सरमध्ये ज्वारी दळली, दोनदा चाळली. रवाळ पीठ, भाकरी थापताना तुटायची. ती तुकडे जोडून जोडून तव्यावर टाकायची. घरघंटी घेईपर्यंत हेच चाललं.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, हिमोग्लोबिन ७ होतं, जिने चढताना धाप लागायची, माणूस बोलून जातो. मी म्हणते, तीन महिन्यांत तू एकदा तरी दळण घेऊन गेलीस? यावर ती गप्प बसत नाही. म्हणते, आजारी कोण होतं?

टीटीजी आता नॉर्मल आहे, दीड वर्षाने. दूधही चालतं. तरी गेल्या महिन्यात एका लग्नात दोन वाट्या आमटी घेतली आणि रात्रभर पोट धरून बसले. बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं, ते असेल. किंवा तिखट असेल. किंवा नुसती धास्ती. मग काय सांगू, पडला फरक?

'सोडून बघते' म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते: आधी रक्त तपासा, तेही गहू खात असताना. सोडल्यावर अँटिबॉडी उतरतात, मग रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि पोट दुखतच राहतं.

आई 'फरक पडला का' असं कधी विचारत नाही. रोज सकाळी घरघंटीच्या आवाजावरून ओरडून विचारते, "झालं का गं?" मी आतून "हो" म्हणते. झालेलं नसतं तेव्हाही.